लहान गावचा संपादक आणि हिवाळ्याची बातमी

वर्तमानपत्र हाती पडले म्हणजे आपणांपैकी बहुतेकांची दृष्टी प्रथम मोठ्या मथळ्यांकडे वळते. राजधानीत काय ठरले, परदेशात कोणाचे मंत्रिमंडळ कोसळले, सामना कोणी जिंकला, हे वाचून झाले म्हणजे मग आतल्या पानाच्या कोपऱ्यात, जाहिरातींच्या शेजारी, आपल्या तालुक्याची वार्ता दिसते. ‘थंडीचा कडाका वाढला, पारा अमुक अंशांवर, जागोजागी शेकोट्या पेटल्या.’ एवढ्या दोन ओळी वाचून आपण पान उलटतो. या दोन ओळी लिहावयाला काही विद्या लागते किंवा त्या चुकल्यास कोणाचे काही बिघडते, अशी शंकाही मनात येत नाही. हस्तलिखित मासिकासाठी मजकूर मागितला म्हणजे आमचे विद्यार्थीदेखील हिमालयावर किंवा महायुद्धावर लिहितात. आपल्या गल्लीतील विहिरीवर कोणी लिहीत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात लहान गावच्या संपादकाचा व त्याच्या हिवाळ्याचा थोडा अभ्यास करावयाचे योजिले आहे.

उदाहरणासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मधला गवताळ प्रदेश घेऊ. विद्यार्थिमित्रहो, प्रथम नकाशा उघडा. उत्तर अमेरिकेतील मोठे पर्वत उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेले आहेत; पूर्व-पश्चिम आडवी भिंत अशी त्या खंडात कोठेच नाही. त्यामुळे कॅनडाच्या उत्तरेस साठलेली ध्रुवाकडील थंड हवा एकदा सुटली म्हणजे डाकोटा, नेब्रास्का, कॅन्सस या सपाट मैदानांवरून थेट टेक्सासपर्यंत घसरत येते; तिला अडविणारे काही नाही. आपल्याकडे याच्या उलट आहे. मध्य आशियाची हिवाळी हवा आणि आपण यांच्यामध्ये हिमालय आडवा उभा आहे, आणि नाशिकची थंडी हाडे गोठविणारी न होता केवळ हुडहुडी भरविणारी होते याचे एक मोठे कारण तेच. पृथ्वीच्या पाठीवरील एका भिंतीने केवढा फरक पडतो, हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा त्या मैदानातील एका जानेवारी महिन्यावरून अधिक चांगले कळते.

या मैदानांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेबरोबर गावे वसली, आणि गाव वसले की तेथे एक छापखाना येत असे. संपादक हाच बहुधा मालक, तोच बातमीदार, तोच जाहिराती गोळा करणारा, आणि वेळ पडल्यास खिळे जुळविणाराही तोच. वर्गणीदार रोख पैसे देतीलच असा नेम नसे. कोणी वर्षाच्या वर्गणीपोटी जळाऊ लाकडांची गाडी आणून टाकी, कोणी मक्याची पोती. हिवाळ्यात लाकडे रोख रकमेपेक्षा अधिक उपयोगी पडत, हेही खरे. त्या काळी छापण्याचे रूळ सरस आणि काकवी यांच्या मिश्रणाचे केलेले असत. गारठ्यात ते ताठत, शाई घट्ट होई, आणि पहाटे छापखान्यात शिरणाऱ्याला स्वतःच्या हातांच्या आधी रुळांना शेक द्यावा लागे.

आणखी एक व्यवस्था लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा विस्कॉन्सिनमधील बाराबू गावच्या ॲन्सेल केलॉग या संपादकाचे कामगार सैन्यात गेले. त्याने जवळच्या शहरातून एका बाजूस आधीच छापलेले कागद मागविले आणि दुसरी बाजू तेवढी आपल्या गावच्या मजकुराने भरली. ही युक्ती फार लोकप्रिय झाली. पुढे शेकडो लहान पत्रे अशी अर्धी शहरात व अर्धी गावात छापली जात. कथा, देशोदेशींच्या वार्ता व औषधांच्या जाहिराती शहरातून तयार येत. संपादकाच्या स्वतःच्या हाती राही ती केवळ गावची बाजू. म्हणजे पत्राचा जो भाग आपण दुय्यम समजतो, तोच त्या माणसाचा खरा होता. बर्फाने आगगाडी अडली की हा अर्धा छापलेला कागदही अडे. १८८०-८१ च्या हिवाळ्यात डाकोटातील काही गावांस कित्येक महिने गाडीच आली नाही. लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेने १९४० साली लिहिलेली ‘द लाँग विंटर’ ही कादंबरी त्याच हिवाळ्याविषयी आहे, आणि ती लेखिका त्या काळी डी स्मेट गावात राहणारी मुलगी होती.

अशा संपादकांत सर्वांत नामांकित ठरलेले गृहस्थ म्हणजे विल्यम ॲलन व्हाइट. यांचा जन्म १० फेब्रुवारी १८६८ रोजी कॅन्ससमधील एम्पोरिया गावी झाला. नीओशो व कॉटनवुड या दोन नद्यांच्या मधले हे गाव. कॅन्सस सिटीच्या मोठ्या पत्रात काही वर्षे नोकरी केल्यावर १८९५ मध्ये तीन हजार डॉलर कर्जाऊ घेऊन त्यांनी आपल्या जन्मगावचे ‘एम्पोरिया गॅझेट’ हे पत्र विकत घेतले. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १८९६ रोजी, कॅन्ससच्या शेतकरी पक्षावर त्यांनी एक जळजळीत अग्रलेख लिहिला. तो अध्यक्षाच्या निवडणुकीत देशभर वाटला गेला आणि लेखकाचे नाव एकाएकी सर्वतोमुखी झाले. त्या अग्रलेखातील कित्येक मते त्यांनी पुढे स्वतःच सोडून दिली आणि ते सुधारणावाद्यांना जाऊन मिळाले. आमच्या मते त्या लेखाची कीर्ती त्याच्या योग्यतेहून अधिक आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळीच. मोठ्या शहरांत जाण्याचा मार्ग त्यांस मोकळा झाला होता. तरी २९ जानेवारी १९४४ रोजी मृत्यू येईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे ते एम्पोरियातच आणि ‘गॅझेट’चेच संपादक राहिले. त्यांच्यामागे पुत्र विल्यम लिंड्से व्हाइट यांनी ते पत्र चालविले.

मोठ्या शहरातील संपादक ज्याच्यावर टीका करतो तो मनुष्य त्याला आयुष्यात एकदाही भेटत नाही. लहान गावच्या संपादकाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी टपालकचेरीच्या पायरीवर भेटतो. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचा मुलगा परीक्षेस बसला, कोणाच्या दुकानावर नवा रंग दिला, कोणाची गाय हरवली, ही ‘गॅझेट’सारख्या पत्रांची रोजची सामग्री. शहरी वाचक हिला हसतो. परंतु नाव चुकले, वय चुकले, जावयाला मुलगा म्हटले, तर गावात ती चूक लपत नाही; कारण प्रत्येक बातमी तपासून पाहणारे साक्षीदार वाचकांतच असतात. इतकी कडक परीक्षा राजधानीच्या बातमीदाराची कोण घेतो?

या शेजारधर्मातही सत्य सांगण्याचे धैर्य टिकविणे सोपे नसते. १९२२ साली रेल्वे कामगारांचा संप चालू असता संपाला सहानुभूती दाखविणारे फलक लावण्यास कॅन्ससच्या गव्हर्नरांनी बंदी केली. गव्हर्नर हेन्री ॲलन हे व्हाइट यांचे जुने स्नेही. तरीही व्हाइट यांनी आपल्या कचेरीच्या खिडकीत असा फलक लावला, त्यांच्यावर खटला झाला, आणि अखेर तो काढून टाकण्यात आला. याच सुमारास चिंतेत पडलेल्या एका मित्रास उत्तर म्हणून भाषणस्वातंत्र्यावर त्यांनी लिहिलेल्या छोट्या अग्रलेखास १९२३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९२४ मध्ये कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेने कॅन्ससच्या राजकारणात शिरकाव केला तेव्हा तिचा उघड विरोध करण्यासाठी ते गव्हर्नरपदाच्या निवडणुकीस उभे राहिले. ते हरले. त्या संघटनेचे सभासद काही दूरदेशचे नव्हते. स्वतःच्या राज्यातील, ओळखीपाळखीचे लोक होते. एवढ्यावरून त्या उमेदवारीची किंमत ध्यानात येईल.

परंतु आमच्या विषयाशी सर्वांत जवळची गोष्ट १९२१ च्या मे महिन्यातील आहे. व्हाइट यांची सोळा वर्षांची कन्या मेरी घोड्यावरून फेरफटका करीत असता एका मैत्रीच्या मुलाला हात करण्यासाठी वळली, आणि रस्त्यावर झुकलेली झाडाची फांदी तिच्या डोक्यास लागली. १३ मे रोजी तिचा अंत झाला. तारेने देशभर बातमी गेली ती अशी की, मुलगी घोड्यावरून पडून मरण पावली. चार दिवसांनी पित्याने आपल्या पत्रात तिच्याविषयी लेख लिहिला, आणि त्याच्या आरंभीच ती तारेची बातमी दुरुस्त केली. मुलगी घोडदौडीत तरबेज. ‘घोड्यावरून पडली’ हे ऐकून तिने थट्टा केली असती, हे तो पिता जाणत होता. घरात एवढे दुःख असता ‘फांदी लागली’ की ‘घोड्यावरून पडली’ या फरकाने काय होते, असे कोणी म्हणेल. तिला ओळखणाऱ्यांना या फरकाचे मोल होते, आणि तो लेख त्यांच्यासाठी होता. हाच लेख पुढे अमेरिकेतील असंख्य पाठ्यपुस्तकांत घेतला गेला.

आता हिवाळ्याकडे वळू. बर्फाच्या प्रचंड वादळास इंग्रजीत ‘ब्लिझर्ड’ म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहे. हा शब्द विद्वानांनी बनविलेला नाही. पूर्वी त्या देशात त्याचा अर्थ जोराचा तडाखा किंवा बंदुकीचा बार असा होता. हिमवादळास हे नाव छापात दिल्याचा जुना दाखला आयोवा राज्यातील एस्टरव्हिल या लहानशा गावच्या ‘नॉर्दर्न व्हिंडिकेटर’ या साप्ताहिकात १८७० च्या एप्रिलमध्ये सापडतो; नुकत्याच मार्चात होऊन गेलेल्या वादळाविषयी तो होता. एका गावठी संपादकाला बर्फाच्या माऱ्यास साजेसा शब्द हवा होता, तो त्याने लोकांच्या तोंडचा उचलला. दहा-अकरा वर्षांत तो देशभर रूढ झाला. पुढे हवामानखात्यानेच त्याची व्याख्या बांधली: वाऱ्याचा वेग ताशी ३५ मैल किंवा अधिक, उडत्या बर्फामुळे पाव मैलापलीकडचे दिसेनासे होणे, आणि ही स्थिती निदान तीन तास टिकणे.

या व्याख्येच्या मागे काय भोगलेले आहे, हे समजण्यासाठी गुरुवार, १२ जानेवारी १८८८ या दिवसाची हकीकत वाचावी. आधी कित्येक दिवस कडक थंडी पडली होती. त्या दिवशी सकाळी हवा एकाएकी मऊ झाली. दक्षिणेचा उबदार वारा वाहू लागला, छपरांवरचे बर्फ ठिबकू लागले. माणसे जाड कोट घरी ठेवून गुरांना चारापाणी करावयास दूर गेली आणि मुले बऱ्याच दिवसांनी शाळेस निघाली. ही ऊब म्हणजेच धोक्याची खूण होती. कमी दाबाच्या केंद्रापुढे दक्षिणेचा उष्ण वारा वाहतो, आणि त्याच्या पाठोपाठ ध्रुवाकडील थंड हवा भिंतीसारखी चाल करून येते. नेब्रास्काच्या पुष्कळ भागांत ही भिंत पोहोचली ती दुपारी, शाळा भरलेली असताना किंवा सुटण्याच्या सुमारास. बर्फ भुरभुरणारे नव्हते. पिठासारखे बारीक होते, ते नाकातोंडात व पापण्यांत भरे, आणि पसरलेला हात दिसेनासा होई. रात्रीपर्यंत पुष्कळ ठिकाणी पारा फॅरनहाइटच्या शून्याखाली वीस अंशांच्याही खाली गेला. सेल्सियस मानाने हे उणे २९ च्या सुमारास येते. मृतांची संख्या सामान्यतः २३५ सांगतात. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले पुष्कळ होती, म्हणून या वादळास ‘शाळकरी मुलांचे वादळ’ असेच नाव पडले.

पूर्वसूचना नव्हती काय? होती. त्या काळी हवामानाचे काम सैन्याच्या संदेशखात्याकडे होते, आणि सेंट पॉल येथील लेफ्टनंट थॉमस वुड्रफ यांनी थंडीची लाट येत असल्याची सूचना तारेने पाठविली होती. अशी सूचना आली म्हणजे तारघर असलेल्या गावी पांढऱ्या कापडाचे, मध्ये काळा चौकोन असलेले निशाण उभारीत. पण मैदानातील एकाकी शेतघरांतून ते निशाण कोणाला दिसणार? साप्ताहिक पत्र आठवड्याने एकदा निघणार; वादळ तर काही तासांत येणार. ज्ञान होते, ते ज्यांना हवे होते त्यांच्या दारापर्यंत नेण्याचे साधन नव्हते. १८९१ साली हे खाते लष्कराकडून काढून शेतकीखात्याच्या हाती दिले गेले.

वादळ शमल्यावर संपादकांचे काम सुरू झाले, आणि येथेच बातमीच्या खरेखोटेपणाचा प्रश्न उभा राहतो. ऑर्ड गावाजवळच्या मिरा व्हॅलीत मातीच्या ढेपांनी बांधलेली एक शाळा होती. तिचे छप्पर उडाले तेव्हा मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेने मुलांना अर्ध्या मैलाच्या आसपास असलेल्या एका घरी सुखरूप नेले. ही बातमी पत्रापत्रांतून पसरली. तिच्यावर गाणे छापले गेले. अनोळखी गृहस्थांकडून तिला लग्नाच्या मागण्यांची पत्रेदेखील आली, असे सांगतात. तिने सर्व मुलांना एका दोरीने बांधून नेले, हे तर त्या कथेचे प्राणभूत अंग होऊन बसले. आश्चर्य असे की, मुले किती होती याविषयीच हकीकती जुळत नाहीत. गाण्यात तेरा, इतरत्र सोळा-सतरा. दोरी होती की नव्हती, याविषयीही एकवाक्यता नाही. मुले जगली ही गोष्ट निर्विवाद, आणि धैर्यही निर्विवाद. परंतु दोरीमुळे चित्र अधिक शोभते, म्हणून दोरी टिकून राहिली. त्या दिवशी जवळच्या एखाद्या पत्राने मुलांची नावे एकेक करून छापली असती तर हा घोळ राहता ना.

त्याच दुपारी प्लेनव्ह्यू गावाजवळ लॉइस रॉइस या शिक्षिकेच्या शाळेत तीन लहान मुले होती. सरपण संपले, आणि रॉइसबाई त्यांस घेऊन अगदी जवळच असलेल्या आपल्या बिऱ्हाडी जाण्यास निघाल्या. अंतर थोडे, पण वाट सापडली नाही. रात्र उघड्यावर काढावी लागली; तिन्ही मुले त्यांच्याजवळच गारठून मेली, आणि गोठलेले पाय कापावे लागल्याने बाई आयुष्यभरासाठी अधू झाल्या. एटा शॅटक ही दुसरी शिक्षिका तीन दिवस गवताच्या गंजीत अडकून पडली. तिचेही पाय कापावे लागले, आणि फेब्रुवारीत ती वारली. ‘ओमाहा बी’ या पत्राने या शिक्षिकांसाठी निधी उभारला, आणि लोकांनी उदार हाताने पैसे पाठविले. हे त्या पत्राचे सत्कृत्यच म्हटले पाहिजे. तरी शिक्षक या नात्याने आम्हांस एक गोष्ट खटकल्याशिवाय राहत नाही. फ्रीमनबाई शाळा सोडून निघाल्या, रॉइसबाईही निघाल्या. एकीजवळ छप्पर उरले नव्हते, दुसरीजवळ सरपण. दोघींच्या निर्णयात शहाणपणाचे अंतर फारसे दिसत नाही. अंतर पडले ते वाऱ्याच्या दिशेमुळे व घर सापडण्या न सापडण्यामुळे. पण गाणे एकीवरच झाले.

१९४० साली त्या वादळातून वाचलेल्या म्हाताऱ्या मंडळींनी नेब्रास्कात एक मंडळ स्थापिले, आपापल्या आठवणी लिहून पाठविल्या, आणि १९४७ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. अर्धशतकानंतर लिहिलेल्या या आठवणी अमोल खऱ्याच. तथापि त्या ताडून पाहावयाच्या झाल्यास अभ्यासकाला पुन्हा १८८८ च्या जानेवारीतील गावोगावच्या जीर्ण साप्ताहिकांकडेच जावे लागते. कोणत्या वाजता वारा फिरला, कोणाचे प्रेत कोठे सापडले, कोणत्या शिक्षिकेने मुलांना रात्रभर शाळेतच ठेवून बाके जाळली, हे त्या आठवड्यात ज्याने लिहून ठेवले त्याचीच साक्ष आज चालते. त्या संपादकाला मात्र आपण इतिहास लिहीत आहो, असे वाटलेही नसेल.

आपल्याकडची पत्रेही लहान गावांतून आणि लहान प्रमाणावर वाढली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले, आणि दहाच वर्षांनी, १८४२ मध्ये, अहमदनगरसारख्या जिल्ह्याच्या गावी अमेरिकन मिशनऱ्यांनी ‘ज्ञानोदय’ सुरू केला. (त्या शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे.) तेव्हा गावच्या पत्राची परंपरा आपणांसही परकी नाही. हवामानखात्याचे तर महाराष्ट्राशी घरचेच नाते. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याचे मुख्य ठाणे १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले, आणि १९४४ मध्ये ते दिल्लीस गेले तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर अद्याप ‘शिमला ऑफिस’च म्हणतात.

आमच्याकडील हिवाळ्याच्या बातमीत जी चूक वारंवार होते ती आता सांगतो. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे गवतावर पांढरे हिमकण दिसतात, आणि लगेच ‘महाबळेश्वरात पारा शून्यावर’ असा मथळा झळकतो. त्याच पहाटे वेधशाळेचा आकडा मात्र कित्येक अंश वर असतो. मग वाचक म्हणतात, वेधशाळा खोटी. वास्तविक दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. (ही पेटी योजिणारे टॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहांचे इंजिनियर होते, ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे ते वडील.) तो हवेचे तापमान सांगतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि गवताची पाती आपली उष्णता आकाशाकडे भराभर टाकून देतात, आणि त्यांच्या लगतचा थर वरच्या हवेपेक्षा पुष्कळ अधिक थंड होतो; शिवाय थंड हवा जड असल्याने ती उतारावरून ओघळत सखल जागी, तलावाच्या काठी, साचते. म्हणून गवतावर दहिवर गोठते आणि चार फुटांवर ते गोठत नाही. आकाशात ढग असले तर तेच ढग पांघरुणाचे काम करतात, हे आपण घरीही अनुभवतो. तेव्हा खरी बातमी ही की, ‘तलावाकाठी गवतावर हिमकण आढळले, वेधशाळेत किमान तापमान इतके होते.’ ‘पारा शून्यावर’ हे वाक्य कोणत्याही तापमापकाने उच्चारलेले नाही.

‘थंडीची लाट’ हा शब्दही असाच सैलपणे वापरला जातो. भारतीय हवामानखात्याच्या हिशेबी सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी, आणि शिवाय त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंश कमी असले, तर लाट म्हणावयाची. उत्तरेकडे पश्चिमी विक्षोभ येऊन गेला, पर्वतांवर बर्फ पडले, आणि त्यामागून उत्तरेचे कोरडे वारे आपल्यापर्यंत आले म्हणजे असे दिवस येतात. नुसती स्वेटरे बाहेर निघाली म्हणजे लाट आली, असे होत नाही.

यात कोणाचे काय अडते, हे निफाड तालुक्यातील द्राक्षबागाईतदारांस विचारावे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील किमान तापमान तेथील पत्रांत हिवाळाभर छापून येते, ते काही करमणुकीसाठी नव्हे. पारा फार उतरला की द्राक्षमण्यांची वाढ थबकते आणि तयार मण्यांस तडे जाण्याची भीती असते. म्हणून शेतकरी पहाटे उठून बागेत शेकोट्या करतो, धूर करतो, विहिरीचे त्यामानाने कोमट पाणी वेलींस सोडतो. गव्हाला आणि हरभऱ्याला मात्र हीच थंडी मानवते. एकाच आकड्याने एका बांधावर आनंद आणि दुसऱ्या बांधावर चिंता. आकडा दोन अंशांनी फुगवून लिहिला, तर वरचा शेतकरी रात्रभर उगीच जागतो. चार वेळा असे झाले की पाचव्या वेळी, खरोखर पारा उतरतो तेव्हा, तो झोपून राहतो.

ज्या विद्यार्थ्यांना या हिवाळ्यात आपल्या गावची नोंद ठेवावयाची असेल त्यांच्यासाठी थोडे सांगून पुरे करतो. किमान तापमान बहुधा सूर्योदयाच्या सुमारास येते, मध्यरात्री नव्हे; म्हणून वाचन रोज त्याच वेळी, सकाळी, करावे. तापमापक भिंतीला टेकवू नये, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री त्याला ऊब देते. छपरावर ठेवला असेल तर ‘छपरावर’ असे लिहावे. आकड्याबरोबर ढग, वारा व धुके यांचाही एकेका शब्दाने उल्लेख करावा. आकडा वाचला कोणी, तेही लिहावे. दुसऱ्याकडून ऐकलेला असल्यास त्याचे नाव लिहावे. एखाद्या दिवशी वाचन राहून गेले तर ती जागा कोरी ठेवावी, कालचा व उद्याचा आकडा पाहून मधला भरू नये. आणि चूक ध्यानात आली तर जुना आकडा खोडरबराने न पुसता त्यावर एक रेघ ओढावी, म्हणजे तोही वाचता येईल, आणि खरा आकडा तारखेसह शेजारी लिहावा.